हायस्कूलचे पैसे कुणी भरायचे? कॅलमझूचं दीडशे वर्षांचं भांडण

अमेरिकेत घर बघायला लागलेलं मराठी कुटुंब कशाकशावर तडजोड करतं, बेसमेंट कच्चं असलं तरी चालतं, गॅरेज एका गाडीचं असलं तरी चालतं, देवघराला ईशान्य कोपरा नाही मिळाला तर कपाटात सोय होते, पण घरं शोधायच्या झिलो वेबसाइटवर फोटोंच्या खाली शाळेपुढे दहापैकी अमुक असा जो आकडा येतो ना, त्यावर तडजोड नाही म्हणजे नाही. आम्ही राहतो त्या भागात, मिशिगनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, या आकड्याचा अर्थ सरळ लावला जातो: पोर्टेजला घर घ्या, नाहीतर मॅटवानला घ्या, कॅलमझू शहराच्या हद्दीत घेऊ नका. नवीन कुणी इथल्या कंपन्यांत जॉइन झालं की पहिल्याच पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, त्यांच्या कानावर हे घातलं जातं, आणि घालतं कोण तर ज्यांनी त्या शहरातल्या शाळेत कधी पाऊल टाकलेलं नसतं ते.

माझी मुलगी त्याच शहरातल्या पब्लिक हायस्कूलला जाते, कॅलमझू सेंट्रलला. हे मिरवायला सांगत नाहीये, आम्ही काही समाजसेवा म्हणून तिथे घर घेतलं नव्हतं, नवऱ्याचं ऑफिस जवळ होतं आणि घर स्वस्त होतं, बस. पण तिथे राहून मला एवढं नक्की वाटायला लागलंय की 'चांगली शाळा कुठली' हा आपला लाडका प्रश्न नंतरचा आहे, त्याच्या आधी एक प्रश्न येतो तो आपण कधी विचारतच नाही: दुसऱ्याच्या पोराच्या हायस्कूलचे पैसे मी का भरायचे, आणि भरायचेच तर कुठपर्यंत, माझ्या गल्लीपर्यंत, गावापर्यंत, की त्याच्याही पुढे? आणि योगायोग बघा, या प्रश्नावर अमेरिकेतल्या सगळ्यात गाजलेल्या भांडणांपैकी एक याच गावात झालंय, आणि माझ्या मते ते अजून मिटलेलं नाही.

आधी गाव सांगते. डेट्रॉइट आणि शिकागोच्या मधोमध, आय-९४ वर, पाऊण लाखाच्या आतबाहेर वस्तीचं. एके काळी इथे कागदाच्या गिरण्या होत्या, गिब्सन गिटार इथे बनायची, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरच्या त्या पिवळ्या चेकर टॅक्स्या इथे बनायच्या. चेकरनं १९८२ मध्ये टॅक्सी बनवणं बंद केलं, गिब्सननं १९८४ मध्ये इथला कारखाना बंद करून बस्तान नॅशव्हिलला हलवलं. राहिली होती औषधांची अपजॉन कंपनी, १८८६ पासूनची, गावाचा खरा आधार, तीपण १९९५ मध्ये फार्माशियात गेली आणि २००३ मध्ये फायझरमध्ये, आणि प्रत्येक वेळी थोड्याथोड्या नोकऱ्या गावातून गेल्या. (फायझरचा पोर्टेजचा कारखाना मात्र जोरात आहे, डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या कोविड लशीचे पहिले ट्रक तिथूनच निघाले.) अशा गावात दोन मोठी पब्लिक हायस्कूलं, सेंट्रल आणि लॉय नॉरिक्स. सेंट्रलमध्ये नववी ते बारावी मिळून सोळाशेच्या वर मुलं. बेसबॉलवाला डेरेक जीटर १९९२ ला इथूनच पास झाला, तेवढं एक नाव सांगितलं की आपली मंडळीसुद्धा 'अच्छा ती शाळा होय' म्हणतात.

तर भांडण. १८७३ साल, कॅलमझू तेव्हा अजून कायद्यानं 'व्हिलेज'च होतं. गावानं प्राथमिक शाळेच्या पुढचं हायस्कूल चालवायला घेतलेलं, त्यासाठी प्रॉपर्टी टॅक्समधून पैसे उचलायचे, शाळांचा मुख्य अधिकारी म्हणून एक सुपरिंटेंडेंट नेमलेला, त्याचा पगारही त्यातूनच. गावातल्या काही बड्या मालदार लोकांना हे पटेना, ते कोर्टात गेले. त्यात मुख्य होते चार्ल्स स्टुअर्ट, एके काळचे अमेरिकेचे सिनेटर, म्हणजे अगदी वजनदार माणूस. त्यांचं म्हणणं असं की लिहिणं वाचणं हिशेब इथपर्यंत ठीक आहे, त्याचा खर्च सगळ्यांनी उचलावा, पण लॅटिन आणि परकीय भाषा वगैरे हा शौक झाला, थोड्या लोकांच्या कामाचा, ज्यांना हवा त्यांनी आपल्या खिशातून भरावा, सगळ्या गावाच्या टॅक्समधून कशाला. ऐकायला किती रीझनेबल वाटतं बघा! आजही एखाद्या रिटायर्ड काकांना विचारलं की तुमची मुलं केव्हाच शिकून गेली तर शाळेचा टॅक्स का भरायचा, तर ते हेच म्हणतील.

जुलै १८७४ मध्ये मिशिगनच्या सुप्रीम कोर्टानं निकाल दिला आणि लिहिला जस्टिस थॉमस कूली यांनी. त्यांनी मुळात आश्चर्यच व्यक्त केलं की ही गोष्ट कुणाला वादाची वाटावी. त्यांचा रोख असा होता की या राज्यानं एकीकडे गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या, दुसरीकडे ॲन आर्बरला सरकारी युनिव्हर्सिटी काढली, मग मधल्याच पायऱ्या नाहीत असं कसं चालेल? गरिबाच्या मुलानं प्राथमिक शाळेतून थेट युनिव्हर्सिटीत उडी मारायची का? पैसेवाल्याचं पोर प्रायव्हेट अकॅडमीतून वर जाणार आणि बाकीचे खालीच राहणार, हे राज्याच्या आजवरच्या धोरणात कुठेच बसत नाही. शिक्षण म्हणजे फक्त बाराखडी नाही, वरचं शिक्षणही श्रीमंत आणि गरीब दोघांना सारखंच मिळायला हवं. गावाला टॅक्स लावायचा अधिकार आहे, सुपरिंटेंडेंट नेमायचाही आहे, संपला विषय. हा निकाल मग बाकीच्या राज्यांत दाखला म्हणून वापरला गेला आणि पब्लिक हायस्कूल नावाची गोष्ट अमेरिकाभर टॅक्सवर उभी राहायला त्याचा मोठा हात लागला.

इथे मला हटकून फुले आठवतात. कॅलमझूच्या निकालानंतर आठ वर्षांनी, १८८२ मध्ये, जोतीरावांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि खर्च होतो वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर, तेव्हा आधी प्राथमिक शिक्षण सगळ्यांना द्या. वरवर बघितलं तर स्टुअर्टसाहेब आणि जोतीराव एकच बोलतायत असं वाटेल, की सगळ्यांच्या पैशानं थोड्यांचं वरचं शिक्षण नको. पण एकजण ते बोलत होता तो आपला पैसा खाली जाऊ नये म्हणून, आणि दुसरा बोलत होता तो खालचा पैसा वर जातोय म्हणून. म्हणून टॅक्सच्या वादात नुसतं वाक्य ऐकून चालत नाही, बोलणारा कुठे उभा आहे ते आधी बघावं लागतं. पॉटलकमध्ये रेटिंगवर बोलणारे आपण कुठे उभे असतो, याचा विचार मला हे वाचल्यापासून सोडत नाही, कारण आपल्यातले निम्मेअधिक लोक जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकून आणि सरकारी फीमध्ये इंजिनिअरिंग करून इथे आलेत, म्हणजे कूलींच्या त्या मधल्या पायऱ्या कुणीतरी आपल्यासाठी भरलेल्या होत्या.

आता कुणी म्हणेल पोर्टेजची शाळापण पब्लिकच आहे की, आम्ही कुठे प्रायव्हेटला घालतोय. अगदी बरोबर, आणि इथेच खरी गोम आहे. अमेरिकेत पब्लिक शाळेला कुंपण असतं आणि ते कुंपण म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्टची हद्द. कॅलमझूतून दक्षिणेला दहा मिनिटं गाडी हाकली की दुसरा डिस्ट्रिक्ट, दुसरं बोर्ड, दुसऱ्या शाळा. ही हद्द इतकी पक्की का झाली त्याचीही गोष्ट मिशिगनचीच आहे. १९७१ मध्ये कॅलमझूच्या स्कूल बोर्डानं गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा एकत्र व्हाव्यात म्हणून बसिंगचा प्लॅन मंजूर केला, मुलांना गावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला बसनं न्यायचं. लोक चिडले, निवडणुकीत नवे मेंबर निवडून आले, त्यांनी तो प्लॅन गुंडाळला, मग प्रकरण फेडरल कोर्टात, आणि जज नोएल फॉक्स यांनी १९७३ मध्ये बोर्डाच्या विरोधात निकाल देऊन बसिंग चालू ठेवायला लावलं. हे झालं गावाच्या आतलं. पण जुलै १९७४ मध्ये, म्हणजे कूलींच्या निकालाला बरोब्बर शंभर वर्षं झाली त्या महिन्यात, वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टानं डेट्रॉइटच्या केसमध्ये पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की शहराच्या शाळांचा प्रश्न सोडवायला शेजारच्या सबर्बच्या डिस्ट्रिक्टांना ओढता येणार नाही, त्यांनी स्वतः काही गुन्हा केलेला नसेल तर. झालं! ज्याला मिसळायचं नाही त्यानं काय करायचं ते कोर्टानंच सांगून टाकलं: हद्दीपलीकडे घर घ्या. कुणी कुणाला हाकललं नाही, कुणी वाईट बोललं नाही, फक्त घरं बदलली. आपण नव्वदीनंतर आलो, आपल्याला या भांडणातलं ओ की ठो माहीत नाही, पण झिलोचा आकडा बघून आपण त्याच रस्त्यानं चाललोय.

बरं, पैशाचं काय, सबर्बच्या शाळेकडे जास्त पैसा असतो म्हणून ती चांगली असते ना? मिशिगनमध्ये हे आता तितकंसं खरं नाही आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं. १९९४ मध्ये इथे प्रपोझल ए नावाचं मतदान झालं, शाळा चालवायला लागणाऱ्या प्रॉपर्टी टॅक्सचा मोठा भाग काढून टाकला, त्याच्याऐवजी सेल्स टॅक्स चारवरून सहा टक्के केला, आणि राज्य सरकार दर मुलामागे पैसे द्यायला लागलं. गरीब डिस्ट्रिक्ट आणि बरे डिस्ट्रिक्ट यांच्यातली दरी हळूहळू बुजत २०२१ मध्ये बहुतेक डिस्ट्रिक्टांसाठी तो आकडा एकच झाला, मुलामागे ८,७०० डॉलर. इमारती मात्र अजून गावानं बाँड काढून बांधायच्या, त्यामुळे सबर्बची जिम चकाचक आणि शहराची जुनी असं दिसतं. पण रोजच्या शिकवण्याचा पैसा साधारण सारखा. मग रेटिंग का वेगळं? कारण रेटिंगमध्ये सगळ्यात वजन असतं ते टेस्टच्या मार्कांना, आणि टेस्टचे मार्क आणि आईबापांचं उत्पन्न हातात हात घालून फिरतात, हे इथे शिक्षणात काम करणारा कुणीही सांगेल. कॅलमझूच्या शाळांत दोन तृतीयांशांच्या आसपास मुलं कमी उत्पन्नाच्या घरांतली आहेत. कुणाचं भाडं थकलं म्हणून वर्षात दोनदा घर बदललेलं, कुणाच्या घरी इंग्लिश बोलत नाहीत, कुणी संध्याकाळी धाकट्या भावंडांना सांभाळतं. सारख्याच पैशात या शाळेला दुप्पट काम आहे. तो झिलोचा आकडा शाळेनं काय शिकवलं ते कमी आणि शाळेत कोण आलं ते जास्त सांगतो, आणि आपण त्यालाच क्वालिटी म्हणतो.

आता या गोष्टीतला सगळ्यात फिल्मी भाग. १० नोव्हेंबर २००५, कॅलमझूच्या स्कूल बोर्डाची मीटिंग, सुपरिंटेंडेंट जॅनिस ब्राउन यांनी जाहीर केलं की काही देणगीदारांनी, नावं न सांगण्याच्या अटीवर, या डिस्ट्रिक्टच्या हायस्कूलमधून पास होणाऱ्या प्रत्येक मुलाची मिशिगनमधल्या सरकारी कॉलेजची ट्युशन भरायची ठरवलंय. प्रत्येक मुलाची! मार्कांची अट नाही, उत्पन्नाची अट नाही, निबंध लिहा आणि शिफारसपत्रं आणा असलं काही नाही. अट एवढीच की डिस्ट्रिक्टमध्ये राहायचं आणि निदान नववीपासून इथे शिकायचं. बालवाडीपासून असाल तर शंभर टक्के, नववीत आलात तर ६५ टक्के, मधले मधे. याचं नाव कॅलमझू प्रॉमिस, २००६ ची बॅच पहिली. आज ॲन आर्बरची नुसती ट्युशन वर्षाला सतरा हजार डॉलरच्या वर आहे हे लक्षात घेतलं की याचं वजन कळतं. पुढे प्रायव्हेट कॉलेजंही त्यात आली. आणि एक बारीक पण फार हुशारीची गोष्ट, हे पैसे आधी मिळतात, बाकी सरकारी मदत नंतर, म्हणजे गरीब मुलाला केंद्र सरकारची पेल ग्रँट मिळाली तर ती पुस्तकं आणि खोलीभाड्याला वापरता येते. बऱ्याच ठिकाणच्या अशा योजना उलट्या असतात, आधी तुमची ग्रँट संपवा मग उरलेलं आम्ही देऊ, त्यामुळे गरिबाला शेवटी हातात काहीच येत नाही.

याचा उपयोग झाला का? झाला. वर्षानुवर्षं कमी होत चाललेली पटसंख्या उलटी फिरली, दहा हजारांच्या आसपासची मुलं बारा हजारांवर गेली. एपीचे, म्हणजे हायस्कूलमध्येच कॉलेजच्या पातळीचे, क्लास घेणारी मुलं खूप वाढली. २०१० मध्ये सेंट्रलनं व्हाइट हाउसची स्पर्धा जिंकली आणि ओबामा स्वतः ग्रॅज्युएशनला भाषण द्यायला आले. गावातच अपजॉन इन्स्टिट्यूट आहे, तिथल्या अर्थशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं याचा हिशेब ठेवलाय, त्यांच्या मते सहा वर्षांत काही ना काही पदवी किंवा सर्टिफिकेट मिळवणाऱ्यांचं प्रमाण साधारण एक तृतीयांशानं वाढलं. अमेरिकेतल्या शिक्षणाच्या योजनांमध्ये हे म्हणजे खूपच झालं.

पण त्याच अभ्यासात एक न पचणारी गोष्टही आहे. हा फायदा जवळजवळ सगळा मुलींना झाला. मुलींचं पदवी पुरी करण्याचं प्रमाण भरभक्कम वाढलं आणि मुलग्यांचं जवळजवळ तिथेच राहिलं. फी तर दोघांनाही फुकट होती ना, मग? म्हणजे अडचण फक्त फीची नव्हती. अठराव्या वर्षी चेक मिळून जे होत नाही ते बाराव्या, चौदाव्या वर्षी कुणीतरी मागे लागून, बसवून, वाचायला लावून होतं, आणि ते काम शाळेचं आहे, शिक्षकाचं आहे, काउन्सेलरचं आहे, त्यांचे पगार देणगीतून नाही, टॅक्समधून निघतात. हे माझं अनुमान आहे, अर्थशास्त्रज्ञ याहून सावध बोलतात, पण हायस्कूलच्या दारात रोज उभं राहणाऱ्याला वेगळं काही वाटेल असं मला वाटत नाही. दुसरं, प्रॉमिसमुळे सगळ्या वर्णांची मुलं वाढली पण त्यांचं आपसातलं प्रमाण फारसं बदललं नाही, हद्दीपलीकडची सुखवस्तू मंडळी काही गाठोडं उचलून परत आली नाहीत. आपली मराठी मंडळी तर फुकट कॉलेज मिळतंय हे माहीत असूनही आली नाहीत! हिशेबात एवढे पक्के आपण, ॲमेझॉनवर दोन डॉलर वाचवायला तीन टॅब उघडणारे, पण इथे चार वर्षांची फी सोडायला तयार. यावरून समजा की आपण नक्की काय विकत घेतो.

आणि आता माझा मूळ मुद्दा, जो इथल्या अमेरिकन मैत्रिणींनाही आवडत नाही. प्रॉमिस ही फार मोठी गोष्ट आहे, देणाऱ्यांचे उपकार आहेतच, पण गावाचं शिक्षण दानावर चालावं हे मला पटत नाही. दान देणारा कधीही थांबू शकतो. कॅलमझूचं बघून ठिकठिकाणी अशा योजना निघाल्या, अर्कान्सामध्ये एल डोराडोला मर्फी ऑइलच्या पैशावर, पिट्सबर्गला तिथल्या मोठ्या हॉस्पिटल कंपनीच्या पैशावर. पिट्सबर्गच्या योजनेनं आता जाहीर केलंय की २०२८ ची बॅच शेवटची. कुणाची चूक नाही, पैसे संपत आले, एवढंच. आता २०२९ ला बारावी होणाऱ्या पोरानं कुठल्या कोर्टात जायचं? १८७४ च्या निकालाला असा एक्सपायरी डेट नव्हता.

आणि कॅलमझूत तर याच्या पुढची गोष्ट झाली. २०१६ मध्ये दोन मोठ्या उद्योगपतींनी, विल्यम जॉन्स्टन आणि विल्यम पार्फेट (हे अपजॉन घराण्यातले), शहराला ७ कोटी डॉलरच्या वर देऊ केले, बजेटची तूट भरायला आणि त्याचबरोबर शहराचा प्रॉपर्टी टॅक्स साधारण १९ मिलवरून १२ मिलवर आणायला. मिल म्हणजे घराच्या टॅक्ससाठी धरलेल्या किमतीच्या दर हजार डॉलरला एक डॉलर. २०२१ मध्ये पुन्हा निनावी ४० कोटी डॉलर आले. हा शाळेचा टॅक्स नाही, शहराचा आहे, रस्ते पोलीस बागा यांचा, हे स्पष्ट सांगते, आणि आमच्या घराचाही टॅक्स त्यामुळे कमी झाला, मला काही तो परत करायचा नाहीये. पण चित्र बघा ना: १८७३ मध्ये गावचा श्रीमंत म्हणाला टॅक्स देणार नाही, कोर्टानं सांगितलं द्यावाच लागेल, आणि दीडशे वर्षांनी गावचा श्रीमंत म्हणतो मी प्रेमानं भरपूर देतो, फक्त टॅक्स कमी करा. रक्कम दुसऱ्या खेपेला कदाचित जास्तही असेल. पण टॅक्स असतो तेव्हा कुठे किती खर्च करायचा ते गाव ठरवतं, देणगी असते तेव्हा देणारा ठरवतो, आणि गाव थँक्यू म्हणतं. सेंट्रलच्या मुलांना थँक्यू कार्डं लिहायची सवय लागावी की आपला हक्क मागायची, यात मला दुसरं हवंय. (आणि अजून एक, स्टुअर्टसाहेबांच्या नावाची वस्ती अजून आहे गावात, सुंदर जुनी लाकडी घरं, ती याच डिस्ट्रिक्टमध्ये येते, म्हणजे त्यांच्या गल्लीतल्या पोरांना आता हायस्कूल तर सोडाच, कॉलेजही फुकट.)

आता आपल्या लोकांच्या शंका, कारण त्या सगळ्याच काही खोट्या नाहीत. मोठ्या शाळेत मारामाऱ्या होतात का, होतात. एखादा सबस्टिट्यूट टीचर महिनाभर वर्ग रेटतो असं होतं का, होतं, शिक्षकच मिळत नाहीत आणि ते सबर्बमध्येही होतं पण शहरात जास्त. ज्याचं मूल फार बुजरं आहे त्यानं विचार करावा, मी कुणाला जबरदस्ती करणार नाही. पण 'अभ्यासू मुलांना तिथे काही मिळत नाही' हे साफ चूक. एपी आहेत, आणि गणित विज्ञानाचं जे सेंटर आपल्या लोकांना जीव की प्राण असतं, कॅम्सक, जिथे परीक्षा देऊन अर्धा दिवस जायचं आणि अर्धा दिवस आपल्या शाळेत, ते भरतं कुठे तर शहराच्या मधोमध जुन्या सेंट्रल हायच्या इमारतीत. पोर्टेजचे आईबाप तिथे मुलांना आनंदानं सोडतात, म्हणजे शहराची इमारत चालते, शहरातली मुलं तेवढी नको.

त्याच इमारतीत शेनरी ऑडिटोरियम आहे, बाल्कनीवाला जुना मोठा हॉल, तिथे मागच्या हिवाळ्यात बँडची कॉन्सर्ट होती. काळी पँट, पांढरा शर्ट असा ड्रेस सांगितलेला. माझ्या मुलीच्या पुढच्या रांगेत ट्रॉम्बोनवाला एक उंच मुलगा, त्याचे बूट म्हणजे खेळायचे स्नीकर्स, बाजूची पांढरी पट्टी काळ्या मार्करनं रंगवलेली, स्टेजच्या लाइटमध्ये ती जांभळी दिसत होती. ट्रॉम्बोन शाळेचा, केसवर डिस्ट्रिक्टचा बारकोडवाला स्टिकर. शेजारी क्लॅरिनेटवाली मुलगी, तिचं वाद्य घरचं, तिचे आईवडील दोघं युनिव्हर्सिटीत प्रोफेसर. वाजवायला लागल्यावर ट्रॉम्बोनवाला सगळ्यात चांगला होता, हे मला संगीत कळत नसूनही कळलं, कारण कंडक्टर बाई त्याच्याकडे बघायच्याच नाहीत, बाकीच्यांकडे बघून हात हलवत होत्या. तो ट्रॉम्बोन टॅक्सचा आहे. माझ्या, स्टुअर्टच्या गल्लीतल्या आजोबांच्या, आणि ज्यांची मुलं कधीच शाळेत नव्हती त्यांच्याही. २०२३ पासून मिशिगनमध्ये सगळ्या पब्लिक शाळांत नाश्ता आणि जेवणही सगळ्यांना फुकट आहे, आधी कोण फुकट खातंय ते लाइनीत कळायचं, आता कळत नाही, माझी मुलगीसुद्धा तोच पिझ्झा खाते आणि घरी येऊन नावं ठेवते.

राहिला प्रश्न आपण यात कोण. आपल्यातले बरेच लोक एच-वनवर, ग्रीन कार्डच्या लायनीत दहा दहा पंधरा पंधरा वर्षं. टॅक्स पूर्ण भरतो, घराचा, सेल्सचा, पगाराचा, पण शाळेच्या मिलेजला (म्हणजे किती मिल टॅक्स लावायचा त्याला) आणि बाँडला मत देता येत नाही. हा अन्याय आहे यात वाद नाही. पण त्यावरून आपण जो निष्कर्ष काढतो, की मग आपल्याला काय, आपण आपलं रेटिंग बघून घ्यावं, तो मला मान्य नाही. ज्यांना सिटिझनशिप मिळालीय ते तरी कुठे मत देतात, राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीवर व्हॉट्सॲपवर रात्र रात्र भांडतात आणि मे महिन्यात किंवा ऑगस्टमध्ये शाळेचं मिलेज मतपत्रिकेवर आलेलं असतं त्याचा पत्ताच नसतो. शाळांसाठी टॅक्स लावायचा की नाही हे तिथे ठरतं, अगदी थोड्या मतांत.

आणि मत नसलं तरी एक जागा उघडी आहे. कॅलमझूचं स्कूल बोर्ड सात जणांचं आहे, निवडून आलेलं, आणि मिशिगनच्या १९७६ च्या ओपन मीटिंग्ज कायद्यानुसार त्यांच्या मीटिंगमध्ये कुणालाही उठून बोलता येतं. बोलणाऱ्याचा व्हिसा कुठला हे तिथे कुणी विचारत नाही, तीन-चार मिनिटं मिळतात, माइक थोडा खरखरतो, बोर्डाचे मेंबर वहीत काहीतरी लिहून घेतात. मी जाते तेव्हा बहुतेक वेळा बसमार्ग, काउन्सेलरची संख्या, एखाद्या शाळेचं छप्पर असलं बोललं जातं, खूप कंटाळवाणं असतं ते. मी काउन्सेलरवर बोलले होते, एका काउन्सेलरकडे किती मुलं असावीत यावर, विशेषतः नववीतल्या मुलग्यांसाठी. अजून काही झालेलं नाही. पुढच्या मीटिंगला पुन्हा नाव देणार आहे.